गायनगुरू पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर

गायनविद्येविषयी आपल्या समाजाची वृत्ती एके काळी मोठी विपरीत होती. गाणे ऐकावयास सर्वांस आवडे. परंतु गवयाची प्रतिष्ठा कोणी मानीत नसे. मुलगा गाणे शिकतो म्हटले की तो वाया गेला असे समजत, आणि कुलीन घरच्या मुलीने तंबोरा हाती धरणे ही तर अकल्पनीय गोष्ट होती. आज आपल्या घरोघरची मुलेमुली संगीताच्या परीक्षांना बसतात आणि आईबाप ते अभिमानाने सांगतात. हा पालट ज्या थोड्या पुरुषांच्या तपश्चर्येने घडला, त्यांत पंडित विष्णु दिगंबर पलुस्कर हे अग्रगण्य होत. गवई म्हणून त्यांची कीर्ती सर्वश्रुत आहे. आम्ही येथे मुख्यतः त्यांच्यातील शिक्षकाचे स्मरण करणार आहोत.

पंडितजींचा जन्म १८ ऑगस्ट १८७२ रोजी कुरुंदवाड येथे झाला. वडील दिगंबर गोपाळ हे कीर्तनकार असल्यामुळे भक्तिसंगीताचे संस्कार घरीच लाभले. बालपणी फटाका उडून डोळ्यांस इजा झाली आणि दृष्टी कायमची अधू झाली. शाळेचे शिक्षण खुंटले. पण दैवाने एक दार लावले तेथे दुसरे उघडले. मिरजेस संस्थानिकांच्या आश्रयाने त्यांस पंडित बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर यांच्यासारखे गुरू लाभले. ग्वाल्हेरची गायकी महाराष्ट्रात रुजविणाऱ्या या थोर गुरूपाशी त्यांनी अनेक वर्षे कठोर मेहनत केली.

मिरजेस मानमरातब होता, पोटापाण्याची चिंता नव्हती. परंतु दरबारी गवयाचे स्थान हे अखेर आश्रिताचेच, ही जाणीव त्यांच्या मनास बोचू लागली. १८९६ च्या सुमारास मिरज सोडून ते प्रवासास निघाले. सौराष्ट्रात त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसा केला, ही त्या काळी नवलाची गोष्ट होती. राजाच्या मर्जीवर नव्हे, तर सामान्य श्रोत्याच्या आवडीवर गवयाने जगावे, हा त्यामागील हेतू. पुढे उत्तरेकडे फिरत फिरत ते लाहोरास पोचले आणि ५ मे १९०१ रोजी तेथे त्यांनी गांधर्व महाविद्यालय स्थापन केले. राजाश्रयावाचून, लोकांच्या वर्गणीवर एका गवयाने चालविलेली ही संस्था. आरंभी काही दिवस विद्यार्थीच आला नाही. तरी पंडितजी नेमल्या वेळी तंबोरा लावून गात बसत, असे सांगतात. हळूहळू विद्यार्थी येऊ लागले. १९०८ साली मुंबईसही विद्यालय निघाले.

पंडितजींची शिकविण्याची रीत विशेष मननीय आहे. पूर्वी गुरूच्या घरी राहून, सेवा करून, त्यांची मर्जी होईल तेव्हा चार स्वर पदरी पडत. पंडितजींनी विद्येला वेळापत्रक दिले, क्रमिक पुस्तके दिली, परीक्षा दिल्या. स्वतःची स्वरलिपी तयार करून चिजा छापल्या. त्यासाठी छापखाना काढला. जुन्या चिजांतील उत्तान शृंगाराचे शब्द काढून त्या जागी भक्तिपर शब्द घातले, म्हणून त्या चिजा घरात मुलाबाळांसमोर म्हणण्यास संकोच उरला नाही. स्त्रियांच्या शिक्षणाचीही सोय केली. निवडक विद्यार्थ्यांचा त्यांनी उपदेशक वर्ग काढला. या मुलांचे राहणेजेवणे विद्यालयाकडे. त्यांनी अनेक वर्षे शिकावयाचे व पुढे इतरांस शिकवावयाचे. नुसते गवई नव्हे, तर गायनशिक्षक घडविण्याची ही योजना होती.

दुसरी गोष्ट समूहगायनाची. आपल्या रागसंगीतात एकाने गावे आणि इतरांनी ऐकावे हा परिपाठ. पंडितजींनी विद्यार्थ्यांच्या वृंदाकडून एका सुरात, एका तालात गाऊन घेतले. राष्ट्रीय सभेच्या अधिवेशनांत ते वंदे मातरम् गात. १९२३ साली काकीनाडा येथे अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी हरकत घेतली असताही त्यांनी ते गीत पुरे केले. 'रघुपती राघव' या रामधुनीची आज रूढ असलेली चाल त्यांचीच मानली जाते. त्यांचे शिष्य पंडित नारायण मोरेश्वर खरे साबरमतीच्या आश्रमात प्रार्थनेचे गायन चालवीत, आणि १९३० साली दांडीच्या यात्रेत महात्माजींसमवेत पायी चालले. दरबारात कोंडलेला सूर अशा रीतीने रस्त्यावरच्या सामान्य माणसाच्या कंठी आला.

या पद्धतीवर टीकाही पुष्कळ झाली. वर्गात शिकवून का कुठे गवई होतो, असे जाणते म्हणत; आणि त्यात तथ्य नाही असे नाही. मैफलीचा कलावंत घडण्यास गुरूचा दीर्घ सहवास लागतोच. पंडितजींच्या स्वरलिपीपेक्षा पंडित भातखंडे यांची सुटसुटीत लिपीच पुढे अधिक प्रचारात आली, हेही खरे. परंतु आम्ही जन्मभर वर्गावर शिकविले, म्हणून एक गोष्ट अनुभवाने जाणतो. एकटा गाण्यास लाजणारा मुलगा दहाजणांत मिसळला की मोकळा गळा काढतो, आणि शेजाऱ्याचा सूर ऐकत आपला सूर सावरतो. त्यातला एखादाच गवई होईल. पण उरलेले नऊजण सुजाण श्रोते होतील. पंडितजींनी या नऊजणांची चिंता वाहिली, यातच त्यांचे थोरपण आहे.

या कार्याचे मोल त्यांस जबर द्यावे लागले. मुंबईच्या विद्यालयासाठी कर्ज काढून इमारत बांधली. ते फेडण्यासाठी गावोगाव जलसे केले. तरी ते फिटले नाही आणि अखेर इमारतीचा लिलाव झाला. संसारातही दुःखच अधिक. पुष्कळ अपत्ये झाली, पण दत्तात्रेय हा एकच पुत्र मागे राहिला. उत्तरायुष्यात भगवी वस्त्रे धारण करून ते नाशकास रामनामात रमले. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरजेस त्यांनी देह ठेवला. जेथे विद्या घेतली तेथेच यात्रा संपली.

वास्तू गेली, पण शिष्य राहिले. पंडित विनायकराव पटवर्धन, पंडित ओंकारनाथ ठाकूर, पंडित नारायणराव व्यास, प्रा. बी. आर. देवधर यांनी गुरूंचे कार्य चालविले. १९३१ सालीच शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापिले. त्याच्या परीक्षा आजही देशभर होतात. वडील वारले तेव्हा दहा वर्षांचा असलेला दत्तात्रेय याच गुरुबंधूंपाशी शिकून डी. व्ही. पलुस्कर या नावाने लोकप्रिय झाला. १९५५ साली तोही अकाली गेला. पित्याने शिष्यांना दिलेली विद्या शिष्यांनी पुत्रास परत केली, यापरती गुरुदक्षिणा कोणती?

आपल्या ज्ञातिबांधवांस आमची एवढीच विनंती आहे. पंडितजी कोणा एका ज्ञातीचे नव्हते, सर्वांचे होते. त्यांची तसबीर सभागृहात लावून स्मरण पुरे होत नाही. मुलांस परीक्षेच्या प्रमाणपत्रापुरते गाणे न शिकविता, आठवड्यातून एक सायंकाळ लहानथोरांनी एकत्र बसून एका सुरात प्रार्थना म्हणावी. ज्यास गाता येत नाही त्यासही त्या बैठकीत जागा असावी. त्याच्यासाठीच तर त्या महात्म्याने आपले घरदार वेचले.