व्हॅन डर वाल्स : एक शाळामास्तर

चुलीवरील आधणाची वाफ थंड झांकणास लागतांच तिचें पुनः पाणी होतें, हें आमच्या वाचकांनीं नित्य पाहिलेंच असेल. वाफेचे सुटे रेणु पुनः एकत्र कां येतात? या प्रश्नाचा ज्यांनीं आयुष्यभर पाठपुरावा केला, त्या एका शाळामास्तरांचें चरित्र आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

योहानेस डिडेरिक व्हॅन डर वाल्स यांचा जन्म १८३७ सालीं हॉलंड देशांतील लायडन शहरीं एका सुताराच्या घरीं झाला. दहा भावंडांत ते थोरले. पंधराव्या वर्षीं शिक्षण थांबवून ते प्राथमिक शाळेंत उमेदवार शिक्षक झाले. लॅटिन व ग्रीक भाषा न शिकल्यामुळें विश्वविद्यालयाच्या परीक्षेस बसण्याचा अधिकार त्यांस नव्हता. तरी नोकरी सांभाळून ते तेथील व्याख्यानें ऐकत. पुढें शास्त्रविषयाच्या विद्यार्थ्यांस त्या भाषांची सूट मिळाली आणि १८७३ सालीं, पस्तिसाव्या वर्षीं, त्यांनीं आपला प्रबंध सादर केला.

वायूचे रेणु म्हणजे जणूं आकाररहित बिंदु, व त्यांस परस्परांची ओढ नाहीं, असें धरून तोंवर गणित करीत. विरळ वायूस तें लागू पडे. वायु दाबून दाट केला कीं चुके. वाल्स यांनीं दोनच दुरुस्त्या केल्या : रेणु जागा व्यापतो, आणि रेणु रेणूला ओढतो. एवढ्यानें वायु व द्रव यांचें नातें उलगडलें. कार्बन डायऑक्साइड वायु ३१ अंश सेल्सिअसच्या वर कितीही दाबला तरी त्याचा द्रव कां होत नाहीं, हेंही समजलें.

१८७७ सालीं ते ॲम्स्टरडॅम येथें प्राध्यापक झाले. १८८१ सालीं पत्नी निवर्तली. त्या दुःखानें सुमारें दहा वर्षें त्यांनीं कांहीं प्रसिद्ध केलें नाहीं. नंतर ते पुनः कामास लागले. त्यांच्याच नियमांच्या आधारें १९०८ सालीं कॅमरलिंग ओनेस यांनीं हेलियम वायूचा द्रव केला. १९१० सालीं वाल्स यांस नोबेल पारितोषिक मिळालें. १९२३ सालीं त्यांचें देहावसान झालें. रेणूंमधील ही ओढ विद्युद्भार नसलेल्या कणांतही कशी उत्पन्न होते, याचा खुलासा फ्रिट्झ लंडन यांनीं १९३० सालीं केला.

ती एक सूट मिळाली नसती, तर हें नांव कदाचित् आपल्या कानीं आलेंच नसतें. आमच्या कोल्हापुरांत शाहू छत्रपतींनीं १९१७ सालीं प्राथमिक शिक्षण मोफत व सक्तीचें केलें, तें अशींच बंद दारें उघडण्याकरितां. दार उघडें असतां आंत पाऊल टाकणें मात्र विद्यार्थ्याच्या हातीं, आणि त्यास मागें न ओढणें पालकांच्या हातीं आहे.