विषवल्लींचे अभ्यासक : डॉ. कान्होबा कीर्तिकर

पुण्याजवळच्या पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स हा औषधांचा सरकारी कारखाना स्थापन झाला. पुढे पिंपरी-चिंचवडपासून चाकणपर्यंत कारखान्यांची रांग उभी राहिली, आणि औषधे तयार करण्याची विद्या शिकविणारी महाविद्यालयेही त्या परिसरात निघाली. तेथील विद्यार्थ्याला औषधांबरोबर विषांचाही अभ्यास करावा लागतो. हे ऐकून प्रथम नवल वाटेल; परंतु जे द्रव्य रोग्याला द्यावयाचे ते किती दिले असता बाधेल, हे ज्याला ठाऊक नाही त्याच्या हाती औषधाची बाटली कोणी द्यावी? हा विद्यार्थी वनस्पतींपासून मिळणाऱ्या औषधांकडे वळला, की त्याला एक जोडनाव भेटते : कीर्तिकर आणि बसू. यांतील कीर्तिकर म्हणजे डॉ. कान्होबा रणछोडदास कीर्तिकर. आपल्या रानांतील विषारी वनस्पतींची शास्त्रशुद्ध ओळख करून देणाऱ्या पहिल्या मराठी विद्वानांत त्यांची गणना होते.

कान्होबांचा जन्म १८४९ सालचा. मुंबईत १८४५ मध्ये निघालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांचे वैद्यकीय शिक्षण झाले. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात विषांचा अभ्यास करावयास याहून योग्य स्थळ मुंबई इलाख्यात दुसरे नव्हते. या महाविद्यालयातील रसायनशास्त्राचे अध्यापक लायन हे सरकारचे रसायनपरीक्षकही होते. इलाख्यात कोठे संशयास्पद मृत्यू घडला, की त्यातील विष शोधण्याचे काम या रसायनपरीक्षकाकडे येई.

सरकारच्या इंडियन मेडिकल सर्व्हिस या सेवेत शिरण्याची परीक्षा त्या काळी फक्त लंडनमध्ये होत असे. समुद्रपर्यटन निषिद्ध मानणाऱ्या समाजात तेथवर जाणे हीच एक परीक्षा होती. कीर्तिकर विलायतेस गेले, उत्तीर्ण झाले, आणि पुढे त्या सेवेत लेफ्टनंट कर्नलच्या पदापर्यंत चढले.

ठाण्यास सिव्हिल सर्जन म्हणून काम करीत असता त्यांच्या आवडीला मोकळे रान मिळाले. ठाणे जिल्हा म्हणजे त्या काळचे दाट जंगल. एकीकडे खाडी, दुसरीकडे सह्याद्रीचे कडे, आणि मधल्या पाड्यांत राहणारे आदिवासी, ज्यांना झाडपाल्याचे गुण पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक. मुंबईत १८८३ साली सृष्टिनिरीक्षकांची एक संस्था स्थापन झाली होती. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी हे तिचे नाव. तिच्या आठ संस्थापकांत डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन हे दोन मराठी वैद्य होते, ही गोष्ट ध्यानात ठेवण्याजोगी आहे. या संस्थेच्या नियतकालिकात कीर्तिकर लिहू लागले. गरम पाण्यात वाढणाऱ्या एका शेवाळाचे वर्णन त्यांनी १८८६ साली प्रसिद्ध केले. त्यानंतर १८९० पुढील दशकात त्यांची मुंबईकडील विषारी वनस्पतींविषयीची लेखमाला त्याच नियतकालिकात क्रमाने येऊ लागली.

अशा लेखमालेची निकड किती होती, हे एकट्या धोतऱ्यावरून कळून येते. गावाबाहेरच्या उकिरड्यावर उगवणारे हे झुडूप कोणी मुद्दाम लावीत नाही आणि कोणी उपटूनही टाकीत नाही. वाटसरूंच्या अन्नात धोतऱ्याचे बी मिसळून, ते बेशुद्ध पडताच त्यांना लुबाडणारे भामटे त्या शतकात देशभर होते. विष चढलेल्या माणसाच्या घशाला कोरड पडते, डोळ्यांतील बाहुल्या विस्तारतात, तो असंबद्ध बडबडू लागतो. पाहणाऱ्यांना वाटे, भूतबाधा झाली! मिरचीच्या बियांत धोतऱ्याची बी मिसळली तर चटकन ओळखू येत नाही. मात्र नीट निरखून पाहिले तर भेद दिसतो. मिरचीची बी फिकट पिवळी व गुळगुळीत असते. धोतऱ्याची बी तपकिरी, मानवी कानाच्या आकाराची, आणि अंगावर बारीक खळगे असलेली असते. न्यायालयात एखाद्याचा अपराध ठरणे किंवा न ठरणे अशा एवढ्याशा खळग्यांवर अवलंबून राही. आणि याच जातीच्या वनस्पतींतून निघणारे द्रव्य अत्यल्प प्रमाणात डोळ्यांत घालून वैद्य बाहुली विस्तारतात व आतील रोग पाहतात. झाड तेच, फरक प्रमाणाचा.

नावांचा घोटाळा तर याहूनही बिकट. पावसाळ्यात सह्याद्रीवर लाल-पिवळ्या ज्वालांसारखी फुले येणारी कळलावी घ्या. तिलाच कोणी खड्यानाग म्हणतात, कोणी अग्निशिखा म्हणतात. तिचा कंद रताळ्यासारखा दिसतो, पण खाल्ला तर प्राणावर बेततो. हिमालयातून बाजारात येणारा बचनाग हे दुसरेच विष. खड्यानाग आणि बचनाग या नावांत मात्र गल्लत होण्यास वेळ लागत नाही. उलट कण्हेरीचे पाहा. दारापुढची तांबडी कण्हेर निराळी, आणि अमेरिकेतून आलेली पिवळी कण्हेर निराळी. पण लोकांनी दोघींना एकच नाव देऊन टाकले. मूल काय खाऊन आजारी पडले, असे वैद्याने विचारावे आणि उत्तरात नुसते गावठी नाव मिळावे, तर त्याने उपचार कशावर करावा? म्हणून शास्त्रीय नाव, पानाफुलांचे बारकाईने केलेले वर्णन आणि चित्र, या तिन्ही गोष्टी एकत्र असणे अत्यावश्यक होते.

विषारी मुळ्या आणि बिया निरखणारा हा लष्करी सेवेतला वैद्य मनाने कवी होता, हे सांगितल्यावाचून त्यांचे चरित्र पुरे होणार नाही. टेनिसन या इंग्रज कवीच्या एका दीर्घकाव्याच्या आधारे त्यांनी ‘इंदिरा’ हे मराठी काव्य रचले. स्त्रियांच्या विद्यापीठाची कथा त्यात आहे. बडोद्यास १९०९ साली भरलेल्या मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्षपद मराठी रसिकांनी त्यांना दिले. शास्त्र आणि काव्य यांचे वैर असते, असे मानणाऱ्यांना कीर्तिकरांचे उदाहरण अडचणीचे वाटेल.

त्यांचे सर्वांत मोठे काम आयुष्याच्या उत्तरार्धातले. त्याच वैद्यकीय सेवेतून निवृत्त होऊन अलाहाबादेस राहिलेले मेजर वामनदास बसू यांच्या सहकार्याने त्यांनी हिंदुस्थानातील औषधी वनस्पतींचा एक प्रचंड ग्रंथ सिद्ध केला. एकेका वनस्पतीचे शास्त्रीय नाव, निरनिराळ्या भाषांतील नावे, वर्णन, गुणधर्म, लोकांतील उपयोग आणि शेकडो चित्रे असा तो पसारा होता. परंतु ग्रंथ छापून बाहेर पडण्यापूर्वीच, १९१७ साली, कीर्तिकरांचे निधन झाले. अलाहाबादच्या पाणिनी कार्यालयाने तो १९१८ मध्ये प्रसिद्ध केला.

ग्रंथाच्या प्रती लवकरच दुर्मिळ झाल्या. १९३० नंतरच्या काही वर्षांत त्याची दुसरी, वाढविलेली आवृत्ती निघाली. तिचे संपादन ब्लॅटर, केयस आणि डॉ. म्हसकर या मुंबईच्या तीन अभ्यासकांनी केले. यांपैकी म्हसकर आणि केयस यांनी मुंबईच्या हाफकिन संस्थेत एक मोठे परीक्षण केले होते. सर्पदंशावर उतारा म्हणून देशात ज्या वनस्पती वापरल्या जात, अशा तीनशेहून अधिक वनस्पती त्यांनी प्राण्यांवर कसोटीस लावल्या. त्यांचा निष्कर्ष १९३१ साली प्रसिद्ध झाला : सर्पाच्या विषावर त्यांतील एकही वनस्पती गुणकारी नाही. ज्या मुळ्यांवर विसंबून खेड्यापाड्यांत दंश झालेल्याला घरीच ठेवीत, त्या मुळ्या निरुपयोगी ठरल्या.

हा निष्कर्ष संपादकांनी कीर्तिकरांच्या ग्रंथाबाहेर ठेवला नाही. वनस्पतीच्या वर्णनात लोक तिला सर्पविषावरचा उतारा मानतात असे आले, की त्यापाठोपाठ, ती या विषावर उतारा नाही, अशी एका ओळीची नोंद त्यांनी घातली. नव्या आवृत्तीच्या चारही भागांत ही ओळ पुन्हा पुन्हा वाचावयास मिळते.