फाळ आणि तलवार

बायबल चाळताना मी एका जागी हमखास अडखळतो. यशया संदेष्ट्याच्या स्वप्नात तलवारींचे नांगराचे फाळ होतात. योएलच्या पुस्तकात नेमके उलटे, फाळांच्या तलवारी करायला सांगितले आहे. शत्रूवरही प्रेम करायला शिकवणारा येशू दुसरीकडे आपण तलवार आणल्याचे सांगतो. अभ्यासक म्हणतात, ती तलवार म्हणजे श्रद्धेपायी घराघरांत पडणारी फूट. हे पटते. तरीही डीट्रिश बॉनहॉफरचे चरित्र वाचले की अडखळणे पुन्हा सुरू होते.

१९०६ साली ब्रेस्लाऊला जन्मलेला हा जर्मन धर्मोपदेशक. वडील नामांकित मनोविकारतज्ज्ञ. थोरला भाऊ वॉल्टर १९१८ मध्ये पहिल्या महायुद्धात कामी आला. त्याचे बायबल आईने पुढे डीट्रिशला दिले. युद्धाने हिरावलेल्या भावाचे ते पुस्तक त्याने जन्मभर वापरले.

न्यूयॉर्कला शिकत असताना एका फ्रेंच मित्रामुळे डोंगरावरील प्रवचन त्याने फार गंभीरपणे घेतले. १९३४ मध्ये डेन्मार्कमधील फानो बेटावरच्या परिषदेत त्याने साऱ्या चर्चने मिळून युद्धाला नकार द्यावा, असे आवाहन केले. अहिंसा प्रत्यक्ष जगून शिकावी म्हणून त्याला गांधीजींच्या आश्रमात राहायचे होते. गांधीजींचे निमंत्रणही आले होते! पण जर्मनीत नाझींना न मानणारे धर्मोपदेशक घडवण्याचे काम अंगावर आले आणि हिंदुस्थानची वारी राहून गेली. तो आला असता तर, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

१९३९ मध्ये तो अमेरिकेत सुखरूप पोहोचला होता. महिनाभरातच परतला. मेहुणा हान्स फॉन डोनान्यी लष्करी हेरखात्यात होता. त्याच्यामार्फत हिटलरविरोधी कटात शिरला. बॉम्ब त्याने हाताळला नाही. परदेशी निरोप पोहोचवणे हे त्याचे काम. पण हत्येचा बेत त्याला ठाऊक होता आणि मान्यही होता. मला मोठे वाटते ते हे की, बायबलमधून सोयीचे वचन काढून त्याने त्या हत्येला पुण्य ठरवले नाही. हत्या हे पापच, आणि ते आपल्या माथी घ्यावे लागेल, अशी त्याची धारणा होती.

एप्रिल १९४३ मध्ये अटक झाली, साखरपुडा होऊन तीनच महिने झाले होते. ८ एप्रिल १९४५, रविवार. शोनबर्ग गावच्या शाळेत कोंडलेल्या कैद्यांच्या आग्रहावरून त्याने छोटी उपासना घेतली. त्या दिवसाचा उतारा यशयाचाच होता. उपासना आटोपते तोच त्याला बोलावणे आले. दुसऱ्या दिवशी पहाटे फ्लॉसेनबुर्गच्या छावणीत त्याला फाशी दिले. दोन आठवड्यांनी तिथे अमेरिकन सैन्य पोहोचले.

बर्लिनमधल्या आईवडिलांना यातले काही कळले नव्हते. जुलैअखेर लंडन रेडिओवरून एक स्मृतिप्रार्थना प्रक्षेपित झाली. ती आपल्या मुलासाठी आहे, हे त्यांना ती ऐकतानाच समजले.