महंमद अली करीम छागला

महंमद अली करीम छागला (३० सप्टेंबर, १९०० – ९ फेब्रुवारी, १९८१) हे भारतीय न्यायाधीश, मुत्सद्दी व केंद्रीय मंत्री होते. स्वातंत्र्यानंतर १९५८ पर्यंत ते मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश होते. १९५६ साली काही आठवडे त्यांनी मुंबई राज्याचे प्रभारी राज्यपालपदही सांभाळले.

त्यांचा जन्म मुंबईतील खोजा व्यापारी कुटुंबात झाला. सेंट झेवियर्स महाविद्यालय व ऑक्सफर्डचे लिंकन कॉलेज येथे शिकून १९२२ मध्ये ते बॅरिस्टर झाले आणि मोहम्मद अली जिना यांच्या हाताखाली वकिली करू लागले. मुस्लिम लीगमध्येही ते जिनांसोबत होते. १९२८ च्या नेहरू अहवालावरून मात्र दोघांत तीव्र मतभेद झाले आणि लीगचे राजकारण धर्माधिष्ठित होऊ लागल्यावर छागला त्यापासून कायमचे दुरावले. मुंबईच्या शासकीय विधी महाविद्यालयात ते काही काळ घटनात्मक कायदा शिकवत असत.

१९४१ मध्ये ते उच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले. द्विभार्याप्रतिबंधक कायदा वैध ठरवणारा नरसू अप्पा माळी खटल्याचा निकाल (१९५१) त्यांनी व न्या. गजेंद्रगडकर यांनी दिला. व्यक्तिगत कायद्यांना मूलभूत हक्कांची कसोटी लावता येईल काय, या वादात तो आजही उद्धृत होतो. लोकमान्य टिळकांना १९०८ साली राजद्रोहाची शिक्षा ज्या दालनात झाली, तेथील टिळकांचे उद्गार कोरलेल्या शिलालेखाचे अनावरण १९५६ मध्ये छागलांच्या हस्ते झाले.

त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राज्यपाल हरेकृष्ण महताब पायउतार झाले. संयुक्त महाराष्ट्राचे आंदोलन पेटलेले असताना राज्यपालपदाची सूत्रे छागलांकडे आली. १ नोव्हेंबर रोजी विदर्भ, मराठवाडा, सौराष्ट्र व कच्छ यांसह विशाल द्विभाषिक राज्य अस्तित्वात आले आणि यशवंतराव चव्हाण मुख्यमंत्री झाले, ते याच कार्यकाळात. डिसेंबरमध्ये श्रीप्रकाश यांची नेमणूक झाल्यावर छागला न्यायासनावर परतले.

१९५८ च्या मुंदडा प्रकरणाची चौकशी त्यांनी एकसदस्य आयोग म्हणून मुंबईत जाहीरपणे घेतली. आयुर्विमा महामंडळाच्या गुंतवणुकीचे हे प्रकरण अर्थमंत्री टी. टी. कृष्णम्माचारी यांच्या राजीनाम्यापर्यंत गेले. सरकारला असे अडचणीत आणणारे छागला त्याच वर्षी सरकारचेच अमेरिकेतील राजदूत झाले. निवृत्त न्यायाधीशांनी सरकारी पदे स्वीकारू नयेत, अशी शिफारस करणाऱ्या विधी आयोगाचे ते सदस्य होते. त्यामुळे आयोगाचे अध्यक्ष मोतीलाल सेटलवाड यांनी या निर्णयावर कठोर टीका केली. टीका अनाठायी नव्हती. राजदूत असतानाच ते पोर्तुगालविरुद्धच्या दादरा-नगर हवेली खटल्यात आंतरराष्ट्रीय न्यायालयाचे तदर्थ न्यायाधीशही होते. १९६० च्या निकालात त्यांनी भिन्नमत नोंदवले.

पुढे ते ब्रिटनमध्ये उच्चायुक्त, १९६३ पासून शिक्षणमंत्री व १९६६ पासून परराष्ट्रमंत्री होते. कोठारी आयोग त्यांच्या शिक्षणमंत्रिपदाच्या काळात नेमला गेला. उच्च शिक्षणाचे माध्यम घाईने बदलण्याच्या धोरणाला विरोध करून त्यांनी १९६७ मध्ये मंत्रिपद सोडले आणि ते पुन्हा मुंबईत वकिलीकडे वळले. ‘रोझेस इन डिसेंबर’ हे त्यांचे आत्मचरित्र १९७३ साली प्रसिद्ध झाले. आणीबाणीला त्यांनी उघड विरोध केला.