पिएर पुन्हा विद्यार्थी झाले

टीव्हीवरच्या नाचाच्या स्पर्धेत एखादी जोडी संथ लयीत, कंबर लचकवत रुंबा करते ना, त्यामागे लंडनमधल्या एका फ्रेंच मास्तरांची मोठी खटपट आहे. मस्यू पिएर त्यांचं नाव. १९३०च्या दशकापासून ते लॅटिन अमेरिकेतले नाच शिकवायचे. जोडीला डॉरिस लॅव्हेल. तेव्हा तिथं चौकोनी रुंबा चालायचा. पावलांनी जमिनीवर चौकोन आखायचा आणि पहिल्या मात्रेला पाऊल टाकायचं.

१९४७ साली दोघं थेट क्युबात, हवानाला गेली. तिथल्या पेपे रिव्हेराकडे शिकताना कळलं की पाऊल दुसऱ्या मात्रेला पडतं. पहिल्या मात्रेला पाय थांबतो, फक्त कंबर हलते. सगळी गंमत तिथेच! नाव कमावलेल्या मास्तरांनी सगळं नव्यानं गिरवायचं, सोपं का होतं ते? पण परत येऊन पिएर नवाच रुंबा शिकवू लागले. इतर शिक्षक खवळले, वर्षानुवर्षं वाद चालला. अखेर १९५५ साली क्युबन पद्धतीला मान्यता मिळाली. अमेरिकी पद्धतीत मात्र चौकोन आजही आहे.

खरं तर क्युबातला अस्सल रुंबा वेगळाच. ढोलांच्या तालावरचा, आफ्रिकी वंशाच्या कष्टकऱ्यांचा. बॉलरूममध्ये आले ते सोन आणि बोलेरो हे नाच, नाव तेवढं रुंबाचं.

पिएर १९६३ साली गेले. डॉरिसबाईंनी पुढे या नाचांवर पुस्तक लिहिलं, एकेक पाऊल समजावून सांगणारं.