विश्लेषण : दोन बोटांच्या जँगोने लीड गिटार कशी बदलली?

लीड गिटार शिकायला बसलेल्या बहुतेकांची पहिल्या काही महिन्यांतली तक्रार सारखीच असते : करंगळी ऐकत नाही. चार बोटांना चार पडदे वाटून द्यायचे आणि रोज तासभर वर-खाली जायचे, हा कुठल्याही क्लासमधला पहिला धडा. पण युरोपात लीड गिटारला स्वतःचे स्थान मिळवून देणाऱ्या जँगो रेनहार्टची करंगळी आणि अनामिका वयाच्या अठराव्या वर्षापासून जवळजवळ निकामी होती. त्याला नोटेशन वाचता येत नव्हते, लिहिता-वाचताही फारसे येत नव्हते. तरी त्याच्या मृत्यूला सात दशके उलटल्यावरही जगभरचे विद्यार्थी त्याचे सोलो एकेक सूर उतरवून शिकतात. त्यातून नेमके काय शिकतात?

कोण होता हा जँगो?

मूळ नाव झाँ. जन्म २३ जानेवारी १९१०, बेल्जियममधल्या लिबेरशी गावाजवळ, घोडागाडीच्या तांड्यात. कुटुंब मानूश, म्हणजे फ्रान्स-बेल्जियमच्या भागात फिरणाऱ्या रोमा समाजातले. रोमांची भाषा मुळात उत्तर भारतातून गेलेली. एक, दोन, तीनला त्यांच्याकडे येख, दुई, त्रीन म्हणतात. जँगो या नावाचा रोमानी भाषेतला अर्थही ‘मी जागा होतो’ असा सांगितला जातो आणि आपल्या ‘जाग’शी त्याचे नाते लावले जाते.

पुढे तांडा पॅरिसच्या वेशीबाहेर स्थिरावला. शाळेशी जँगोचा संबंध नावापुरताच. बाराव्या वर्षाच्या सुमारास त्याला बॅन्जो-गिटार मिळाली. तिला गळा गिटारचा आणि पोट बॅन्जोचे, त्यामुळे आवाज खणखणीत. शिकवायला गुरू नव्हता. तांड्यातल्या मोठ्यांची बोटे पाहायची, ऐकायचे आणि तसे वाजेपर्यंत वाजवत राहायचे. काही काळातच तो पॅरिसच्या नाचघरांत अकॉर्डियनवादकांना साथ करू लागला. अकॉर्डियनच्या झरझर तानांमागे धावणे हेच त्याचे शिक्षण ठरले. १९२८ मध्ये त्याच्या साथीच्या पहिल्या रेकॉर्ड निघाल्या. लेबलवर त्याचे नाव चुकीचे छापले गेले. पण त्याच वर्षी इंग्लंडचा नामवंत बँडप्रमुख जॅक हिल्टन त्याला आपल्या बँडमध्ये घ्यायला तयार झाला होता.

त्या रात्री काय घडले?

२ नोव्हेंबर १९२८ च्या रात्री वाजवून तो उशिरा घरी आला. घर म्हणजे लाकडी गाडी. ती बायकोने विकण्यासाठी बनवलेल्या सेल्युलॉइडच्या फुलांनी भरलेली होती. मेणबत्तीची ठिणगी फुलांवर पडली. सेल्युलॉइड पेटले की विझवायला वेळ मिळत नाही. जँगोने डाव्या हाताने घोंगडे अंगाभोवती घट्ट धरले आणि ज्वाळांतून बाहेर पडला. दोघेही वाचले, पण ज्या हाताने घोंगडे धरले तो हात आणि एक पाय भयानक भाजला. डॉक्टर पाय कापायच्या विचारात होते. घरच्यांनी नकार दिला आणि त्याला तिथून हलवले.

अंथरुणातले दिवस जवळजवळ दीड वर्ष चालले. जखमा भरल्या, पण डाव्या हाताच्या करंगळी आणि अनामिकेच्या शिरा आखडून ती बोटे आत वळली ती कायमची. धाकटा भाऊ जोसेफने त्याला गिटार आणून दिली. 

आग लागली म्हणून तो महान झाला, अशी गोष्ट इंटरनेटवर फार फिरते. तिच्यात तथ्य कमी आहे. अपघाताआधीच तो इतका तयार होता की लंडनहून बोलावणे आले होते. आगीने त्याचे कान घेतले नाहीत. बोटांना मात्र त्या कानांपर्यंत पोहोचायचा रस्ता नव्याने शोधावा लागला.

दोन बोटांनी सोलो वाजतो कसा?

आधी नेहमीची पद्धत पाहू. गिटारच्या गळ्यावर सतारीसारखे पडदे असतात, त्यांना फ्रेट म्हणतात. पंजा एका जागी ठेवून प्रत्येक बोटाला एकेक फ्रेट दिला की एका तारेवर तीन-चार सूर मिळतात, मग पुढची तार. हात जवळजवळ हलत नाही. हीच ती ‘बॉक्स पोझिशन’.

तर्जनी आणि मधले बोट, एवढ्यावर ही युक्ती चालत नाही. म्हणून जँगो गळ्यावर आडवा जाण्याऐवजी त्याच्या लांबीवर उभा धावू लागला. एका तारेवर एक किंवा दोन सूर, लगेच पुढची तार, आणि तेवढ्यात पंजा दोन-तीन फ्रेट वर सरकलेला. त्यामुळे त्याच्या ताना पायऱ्या चढल्यासारख्या खालच्या सुरापासून थेट टिपेपर्यंत जातात. अर्ध्या-अर्ध्या सुरांची सलग तान घ्यायची तर तो एकच बोट तारेवरून झरकन घसरवत नेई, आणि प्रत्येक सूर उजव्या हाताने वेगळा वाजवी. म्हणून ती मींड वाटत नाही, दाणेदार तान वाटते. एकच सूर दोन सप्तकांत एकदम वाजवण्याचे ऑक्टेव्हही त्याचे लाडके. त्याला दोन बोटे पुरतात, मधली तार दाबून मुकी करायची. आखडलेली बोटे अगदीच वाया गेली नव्हती. कॉर्ड धरताना ती वरच्या दोन तारांवर टेकत, आणि अंगठा गळ्यावरून वळून खालच्या सुराची तार दाबत असे.

उजव्या हाताकडे शिकणाऱ्यांचे लक्ष कमी जाते, खरी ताकद तिथे आहे. जाड, न वाकणारी पिक, मनगट थोडे वाकलेले आणि गिटारच्या पोटावर न टेकवलेले. आघात खालच्या दिशेने करून पिक पुढच्या तारेवर विसावते. तार बदलली की पहिला आघात पुन्हा खालीच. मायक्रोफोनशिवाय नाचघरात ऐकू जायचे तर दुसरा इलाज नव्हता.

मग त्याला थिअरी येत नव्हती का?

थिअरीची नावे येत नव्हती. थिअरी येत होती. थिअरी न शिकताही जमते याचा दाखला म्हणून त्याचे नाव घेतले जाते, ते मात्र त्याच्यावर अन्याय करणारे आहे. १९३७ ची त्याची ‘मायनर स्विंग’ ही रचना ऐकली की ते समजते.

आपल्याकडे तानपुऱ्याचा सा मैफिलभर हलत नाही. जॅझमध्ये दर थोड्या मात्रांनी पायाखालची जमीन सरकते. ही जमीन म्हणजे कॉर्ड : एकत्र वाजणारे तीन-चार सूर. ‘मायनर स्विंग’चा बहुतेक डोलारा तीन कॉर्डवर उभा आहे. तिच्या मूळ सुराला सा मानले तर पहिली कॉर्ड, ए मायनर, म्हणजे सा, कोमल ग, प. दुसरी, डी मायनर, म्हणजे म, कोमल ध, सा. तिसरी, ई सेव्हन, म्हणजे प, शुद्ध नि, रे, म. या तिसऱ्या कॉर्डमधला नि साकडे धाव घेतो आणि म कोमल गकडे उतरू पाहतो. ही ओढच गाण्याला पुढे ढकलते.

कॉर्डचे सूर एकदम न वाजवता एकामागून एक वाजवले की आर्पेजिओ होतो. जँगोचा सोलो बराचसा आर्पेजिओंचा आहे. जमीन बदलली की त्याची तान त्याच क्षणी नव्या कॉर्डच्या सुरावर पाऊल ठेवते. साथीची गिटार बंद केली तरी नुसत्या सोलोवरून कॉर्ड कुठे बदलली ते कळते. नवशिक्या लीड वादकाचा सोलो ‘बरोबर’ असूनही फिका का वाटतो, याचे उत्तर बहुतेक वेळा इथेच सापडते. तो सगळ्या कॉर्डवर एकच स्केल वर-खाली फिरवत असतो.

आता ई सेव्हनची जागा घ्या. तिथे जँगोला डिमिनिश्ड आर्पेजिओ फार आवडे : नि, रे, म, कोमल ध. या चार सुरांमधले प्रत्येक अंतर नेमके तीन फ्रेटचे आहे. शेवटच्या सुरापासून पुढे तीन फ्रेट गेलात की पुन्हा पहिलाच सूर, वरच्या सप्तकातला. म्हणून हाताची तीच पकड तीन-तीन फ्रेट सरकवत नेली की तेच चार सूर वेगळ्या क्रमाने वाजत राहतात. दोन बोटांच्या माणसासाठी हे वरदानच. एक आकृती पाठ, पंजा उचलून पुढे ठेवायचा, की गळ्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंतचा रस्ता मोकळा.

साथीतही तीच काटकसर. साध्या मायनर कॉर्डमध्ये शुद्ध ध मिळवला की मायनर सिक्स्थ होते : सा, कोमल ग, प, ध. हे चार सूर तसेच ठेवून बासवाल्याने खाली सा ऐवजी म धरला, तर ऐकणाऱ्याला ती वेगळीच कॉर्ड वाटते, डी नाइन्थ. एकाच पकडीतून दोन कामे होतात. जँगोच्या वाटेने जाणारे वादक आजही अशाच पकडींवर अर्धी मैफल काढतात.

चहापानातून क्विन्टेट

१९३१ च्या सुमारास दक्षिण फ्रान्समधल्या तुलाँ शहरात एमिल साव्हित्री नावाच्या चित्रकाराने त्याला लुई आर्मस्ट्राँगच्या रेकॉर्ड ऐकवल्या. जँगोच्या संगीताला तिथून दिशा मिळाली. १९३४ मध्ये पॅरिसच्या क्लॅरिज हॉटेलात दुपारच्या चहाच्या वेळी वाजवणाऱ्या वाद्यवृंदात तो होता, आणि व्हायोलिनवर स्तेफान ग्रापेली. मधल्या सुटीत पडद्यामागे दोघे सहज वाजवू लागले. मग जोसेफ आणि रॉजर शापू यांच्या गिटार आल्या, लुई व्होलाचा बास आला. ‘क्विन्टेट ऑफ द हॉट क्लब ऑफ फ्रान्स’ असे उभे राहिले. ड्रम नाही, ट्रम्पेट नाही, सगळी तारवाद्ये. ताल धरायला दोन गिटार, म्हणून तिसरी मोकळी झाली. तोवर जॅझमधली गिटार बहुतांशी मागे बसून ठेका धरणारी होती. अमेरिकेत एडी लँग आणि लॉनी जॉन्सन यांनी तिला एकेरी सुरांत बोलते केले होते. तरी बँडच्या पुढे बसून व्हायोलिनशी बरोबरीने झुंजणारी गिटार लोकांना नवी होती. सेल्मर कंपनीच्या ज्या गिटारशी त्याचे नाव जोडले गेले, ती इटालियन कारागीर मारिओ माकाफेरीच्या आराखड्यावरची, मोठ्या आवाजासाठीच घडवलेली.

युद्धात तो वाचला कसा?

सप्टेंबर १९३९ मध्ये युद्ध पुकारले गेले तेव्हा क्विन्टेट लंडनमध्ये होते. ग्रापेली तिथेच राहिला, जँगो पॅरिसला परतला. थोड्याच महिन्यांत पॅरिस जर्मनांच्या ताब्यात गेले. नाझींनी युरोपभर रोमांना छावण्यांत कोंबून मारले, लाखो जीव गेले. नाझींच्या लेखी जॅझ हे हीन संगीत, आणि जँगो तर रोमाही आणि जॅझवालाही. तरी व्याप्त पॅरिसमध्ये त्याची लोकप्रियता शिखरावर होती आणि त्याच्या चाहत्यांत जर्मन अधिकारीही होते. १९४० मध्ये व्हायोलिनच्या जागी क्लॅरिनेट घेऊन त्याने ‘न्वाज’ म्हणजे ‘ढग’ ही रचना रेकॉर्ड केली. हरलेल्या शहराने ती उराशी धरली. प्रसिद्धी कधी ढाल होईल आणि कधी नाही, याची खात्री कुणालाच नव्हती. १९४३ मध्ये त्याने स्वित्झर्लंडला पळून जायचा प्रयत्न केला आणि पकडला गेला. जर्मन अधिकारी त्याचा चाहता निघाला म्हणून सुटला. पुन्हा निघाला, तेव्हा स्विस पहारेकऱ्यांनीच परत पाठवले.

याच वर्षांत रोमांसाठी चर्चमध्ये वाजवायचे प्रार्थनासंगीत रचायचे त्याने मनावर घेतले. लिहिता येत नसल्याने तो गिटारवर वाजवून दाखवी आणि क्लॅरिनेटवादक जेरार लेव्हेक ते कागदावर उतरवी.

अमेरिका, आणि नंतर

१९४६ मध्ये ड्यूक एलिंग्टनने त्याला अमेरिकेला बोलावले. गिटार बरोबर न घेताच तो गेला. मग सवय नसलेल्या इलेक्ट्रिक गिटारवर वाजवावे लागले. न्यूयॉर्कच्या कार्नेगी हॉलमध्ये पहिल्या रात्री टाळ्या मिळाल्या, दुसऱ्या रात्री तो फार उशिरा पोहोचला. दौरा अपेक्षेइतका रंगला नाही. तोवर तिकडे बीबॉपचे वारे सुरू झाले होते, आणि त्यातले नवे, तिरकस सूर त्याने परतल्यावर आपल्या वादनात घेतले. इलेक्ट्रिक गिटारही अखेर त्याच्या हाताखाली आली.

१९५१ मध्ये तो सेन नदीकाठच्या सामोआ या गावी राहायला गेला. मासे पकडायचे, चित्रे काढायची, बिलियर्ड खेळायचे, मन लागले तर पॅरिसला जाऊन वाजवायचे. १६ मे १९५३ रोजी असाच पॅरिसहून परतताना घराजवळ कोसळला. मेंदूत रक्तस्राव झाला होता. शनिवार होता, डॉक्टर यायला फार वेळ गेला. वय ४३.

बारा वर्षांनी, १९६५ मध्ये, बर्मिंगहॅमच्या पत्र्याच्या कारखान्यात टोनी आयोमी नावाच्या सतरा वर्षांच्या पोराच्या उजव्या हाताच्या मधल्या दोन बोटांची टोके यंत्रात गेली. तो डावखुरा, म्हणजे तारा दाबायचा हात तोच. गिटार सुटली असे तो धरून चालला होता. कारखान्यातला वरिष्ठ त्याच्या घरी एक रेकॉर्ड घेऊन आला. ती ऐकवून झाल्यावर वाजवणारा किती बोटांनी वाजवतो ते त्याने सांगितले. ती जँगोची रेकॉर्ड होती. आयोमीने प्लास्टिकची बाटली वितळवून बोटांसाठी टोपणे बनवली, तारा जड लागत होत्या म्हणून बॅन्जोच्या बारीक तारा गिटारला चढवल्या, आणि १९६८ मध्ये मित्रांबरोबर बँड काढला. त्याचे नाव पुढे ब्लॅक सॅबाथ झाले.