‘तानाशाह’ हे खरं तर एका राजाचं टोपणनाव. मग त्याचा अर्थ हुकूमशहा कसा झाला?

निवडणुकीची सभा असो की सोशल मीडियावरचं भांडण, हिंदीत एखाद्याला हुकूमशहा म्हणायचं असेल तर एकच शब्द पुढे येतो, तो म्हणजे ‘तानाशाह’. मराठी बातम्यांमध्येही तो आता सर्रास दिसतो. पण हा शब्द मुळात कोणत्याही राजवटीचं नाव नाही. ते एका माणसाचं लाडाचं नाव होतं. तो माणूस गोवळकोंड्याचा शेवटचा सुलतान होता, त्याने शिवाजी महाराजांचं आपल्या राजधानीत स्वागत केलं होतं आणि आयुष्याची शेवटची वर्षं त्याने महाराष्ट्रात, दौलताबादच्या किल्ल्यात कैदी म्हणून काढली.

जुलमी सत्तेसाठीचे बहुतेक शब्द पदावरून किंवा अधिकारावरून आलेले असतात. आपला ‘हुकूमशहा’ अरबी हुकमावरून आला. इंग्रजीतला ‘डिक्टेटर’ हा प्राचीन रोममध्ये संकटकाळी जास्तीत जास्त सहा महिन्यांसाठी नेमला जाणारा अधिकारी होता. ग्रीक ‘टायरंट’ म्हणजे वारसाहक्काशिवाय सत्ता बळकावणारा. तो वाईटच असेल असं सुरुवातीला नव्हतं. ‘तानाशाह’च्या मागे मात्र नाव, गाव आणि कबर असलेला एक माणूस उभा आहे. त्याचं नाव अबुल हसन कुतुबशहा.

दर्ग्यातून थेट बोहल्यावर

अबुल हसनचं कुतुबशाही घराण्याशी नातं होतं, पण गादीशी त्याचा दूरान्वयानेही संबंध येईल असं कुणाला वाटलं नव्हतं. हैदराबादेत शाह राजू नावाचे सुफी संत होते. तरुणपणाची बरीच वर्षं अबुल हसनने त्यांच्या सहवासात, फकिरासारखी काढली. ‘तानाशाह’ हे नाव त्याला याच गुरूंनी दिलं असं परंपरा सांगते. त्याचा अर्थ बालसंत किंवा लहानगा राजा असा लावला जातो, म्हणजे आपल्याकडे एखाद्याला ‘बाळराजे’ म्हणावं तसं.

मग नशीब फिरलं. सुलतान अब्दुल्ला कुतुबशहाला मुलगा नव्हता, तीन मुली होत्या. एक औरंगजेबाच्या मुलाला दिलेली, एक सय्यद अहमद नावाच्या बड्या सरदाराला. तिसरीचं लग्न ठरलं होतं, पण त्या नवऱ्या मुलाशी सय्यद अहमदचं वैर. हे लग्न झालं तर मी दरबार सोडून जाईन, असा हट्ट त्याने धरला. जुन्या बखरकारांनी सांगितलेली कथा अशी की, ऐनवेळी नवरदेव बदलला आणि दर्ग्यातून अबुल हसनला आणून बोहल्यावर उभं केलं गेलं. १६७२ मध्ये अब्दुल्ला वारला. वारसाच्या झगड्यात सय्यद अहमद हरला आणि फकिरी करणारा हा जावई सुलतान झाला.

शिवाजी महाराज आणि मादण्णा

मराठी वाचकाला अबुल हसन माहीत आहे, फक्त या नावाने नाही. येसाजी कंक आणि हत्तीच्या झुंजीची जी गोष्ट लहानपणी ऐकलेली असते, त्यातला ‘कुतुबशहा’ तो हाच. झुंजीची कथा लोकपरंपरेतली, पण भेट मात्र खरी. १६७७ च्या सुरुवातीला दक्षिण दिग्विजयाला निघालेले शिवाजी महाराज भागानगरला, म्हणजे हैदराबादला आले आणि सुमारे महिनाभर राहिले. कुतुबशहाने मोहिमेसाठी पैसा आणि तोफखान्याची मदत दिली. या मोहिमेत जिंजीचा किल्ला स्वराज्यात आला. पुढे संभाजी महाराजांच्या हत्येनंतर राजाराम महाराजांनी याच जिंजीत राजधानी हलवली आणि मराठ्यांचा लढा चालू ठेवला. हैदराबादच्या त्या महिन्याचा परिणाम इतका लांबवर गेला.

हा तह जुळवण्यात मोठा वाटा होता मादण्णाचा. मादण्णा आणि त्याचा भाऊ आकण्णा हे तेलुगू ब्राह्मण. मादण्णा राज्याचा सर्वेसर्वा दिवाण होता आणि राजकारण दक्षिणेतल्या सत्तांना एकत्र ठेवण्याचं होतं, कारण उत्तरेकडून मुघलांचं सैन्य येणार हे सगळ्यांना दिसत होतं. सुलतान स्वतः मात्र कारभारात फार लक्ष घालत नसे. गाणं, नाच, अत्तरं, मेजवान्या यांत तो रमायचा. म्हणजे त्याच्यावर आरोपच करायचा तर सत्ता दुसऱ्यावर सोडून दिल्याचा करता येईल. सगळी सत्ता स्वतःच्या मुठीत ठेवणाऱ्याला आपण हुकूमशहा म्हणतो, हे लक्षात घेतलं तर गंमत कळते.

भद्राचलमचा ‘तानीशा’

त्याच्या राज्यात सगळं आलबेल होतं असंही नाही. कंचर्ला गोपण्णा हा भद्राचलम भागातला तहसीलदार, मादण्णाचा भाचा मानला जातो. त्याने सरकारी वसुलीच्या पैशातून रामाचं भव्य मंदिर बांधलं. सुलतानाने त्याला गोवळकोंड्यात कैदेत टाकलं आणि परंपरेनुसार ती कैद १२ वर्षांची होती. हा गोपण्णा म्हणजेच तेलुगूतला मोठा संतकवी भक्त रामदास. किल्ल्यातली त्याची कोठडी पर्यटकांना आजही दाखवली जाते. (दुष्काळात भुकेल्यांसाठी धान्याचं कोठार लुटवणाऱ्या मंगळवेढ्याच्या दामाजीपंतांची कथा इथे आठवल्याशिवाय राहत नाही. दोन्हीकडे देव स्वतः येऊन भरपाई करतो.) तेलुगू कथेत राम-लक्ष्मण रात्री सुलतानाच्या महालात येऊन सगळी रक्कम चुकती करतात, सुलतान हादरतो, गोपण्णाला सोडतो आणि स्वतः भक्त होतो. रामनवमीला भद्राचलमच्या कल्याणसोहळ्यासाठी सरकारकडून मोती आणि रेशमी वस्त्रं पाठवण्याची प्रथा त्याच्याच नावावर सांगितली जाते. निजामांनी ती पाळली, आज तेलंगणा सरकार पाळतं.

कुचिपुडी हे गाव नर्तकांच्या कुटुंबांना इनाम दिल्याचं श्रेयही परंपरा त्यालाच देते. तेलुगूत त्याला म्हणतात ‘तानीशा’. हुकूमशहासाठी तेलुगूत शब्द आहे ‘नियंता’. ज्यांच्यावर त्याने राज्य केलं, त्यांच्या भाषेत त्याच्या नावाला ही शिवी चिकटलेली नाही.

आठ महिन्यांचा वेढा

औरंगजेबाच्या लेखी त्याचे गुन्हे तीन होते: हिंदू मंत्र्यांच्या हाती कारभार सोपवला, चैनीत बुडाला आणि संभाजी महाराजांना पैशाची मदत केली. १६८५ मध्ये मुघल फौजा हैदराबादेत शिरल्या आणि सुलतान गोवळकोंड्याच्या किल्ल्यात गेला. पुढच्याच वर्षी दरबारातल्या विरोधकांनी मादण्णा-आकण्णाची भर रस्त्यात हत्या घडवली आणि मादण्णाचं शिर मुघलांकडे पाठवलं. त्याने औरंगजेब शांत होईल, हा अंदाज चुकला.

१६८७ च्या सुरुवातीला खुद्द बादशहा वेढ्याला आला. पण ज्याला ऐषारामी म्हणून हिणवलं, तो सुलतान सुमारे आठ महिने झुंजला. मुघलांनी पेरलेले सुरुंग त्यांच्याच सैन्यावर उलटले, पावसाने छावणीत चिखल केला, दुष्काळ आणि रोगराईने माणसं मेली. औरंगजेबाने स्वतःचा मुलगा शाह आलम यालाच शत्रूशी संधान बांधल्याच्या संशयावरून कैद केलं. तोफगोळ्याने जखमी होऊन मेलेल्या मुघल सरदारांत किलिच खान होता; त्याचाच नातू पुढे हैदराबादचा पहिला निजाम झाला.

किल्ला अखेर फितुरीनेच पडला. सप्टेंबर १६८७ मध्ये अब्दुल्ला खान पनी या सरदाराने रात्री दरवाजा उघडला. अब्दुर रज्जाक लारी हा एकटा सरदार जखमांनी चाळण होईपर्यंत लढला. औरंगजेबाने नंतर स्वतःचे हकीम लावून त्याला वाचवलं. मुघल इतिहासकार खाफी खानाने नोंदवलंय की, अधिकारी पकडायला आले तेव्हा अबुल हसन शांत बसला होता. त्याने त्यांचं आदरातिथ्य केलं, आपलं जेवण मागवलं, सावकाश जेवला आणि मग त्यांच्याबरोबर निघाला.

शब्द कसा फिरला?

पुढची गोष्ट विजेत्यांनी लिहिली. मुघल तवारिखांमधून उत्तरेत पोहोचला तो चैनी, लहरी सुलतान. उर्दूत ‘तानाशाह’ म्हणजे आधी नाजूक मिजाजाचा, फार नखरे असलेला माणूस. लहरी म्हणजे मनमानी आणि मनमानी म्हणजे हुकूमशाही, असा अर्थ सरकत गेला असावा. हिंदीत आज ‘डिक्टेटर’ला तोच शब्द रूढ आहे.

मराठीचं मात्र उलटं झालं. कायदा, न्याय काहीच उरलं नाही की आपण विचारतो, मोगलाई लागून गेली का? म्हणजे एकाच लढाईतून हिंदीने हरलेल्याच्या नावाची शिवी केली आणि मराठीने जिंकलेल्याच्या.

अबुल हसनला दौलताबादच्या किल्ल्यात ठेवण्यात आलं. किल्ला चढताना लागणारा चिनी महाल म्हणजे त्याचा तुरुंग. त्याला वर्षाकाठी ५० हजार रुपयांची नेमणूक होती, बाहेर जायची परवानगी नव्हती. सुमारे १२ वर्षांनी, १७०० च्या आसपास तो तिथेच वारला. गोवळकोंड्याच्या पायथ्याशी त्याच्या पूर्वजांचे मोठमोठे घुमट आहेत, पण त्याला तिथे जागा मिळाली नाही. त्याला खुलताबादला, सय्यद राजू कत्ताल या सुफी संताच्या दर्ग्याच्या आवारात पुरलं. सात-आठ वर्षांनी त्याच गावात आणखी एक कबर खोदली गेली, औरंगजेबाची. पर्यटक तीच बघायला जातात.